टू-इन-वन घरात आणताना



दहावी-बारावीचे निकाल लागले की बीपी मोजायला आलेली आई हात पुढे करता करता विचारते, "ताई, पोरीले लॅपटॉप घेऊ का टॅब? दुकानवाला म्हणते, आता दोन्ही एकातच येते." उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही रविवारी आरोग्य तपासणीला बसतो. यंत्रांचे जाणकार आम्ही नाही. पण मान धरलेली, बोटांना मुंग्या येणारी, डोळे चुरचुरणारी जी मुले-मुली आमच्याकडे येतात, त्यांच्या पिशवीत हे 'दोन्ही एकातच' असलेले यंत्र आता वरचेवर दिसते. घरात रोज पाच-सात तास जी वस्तू वापरली जाते, तिचा विचार आरोग्याच्या पानावर व्हायलाच हवा.

टू-इन-वन या एकाच नावाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे लॅपटॉपच, पण त्याची बिजागरी पूर्ण ३६० अंशांत फिरते. स्क्रीन मागे उलटवली की तो जाडजूड टॅब होतो. लेनोवोचा योगा हा लॅपटॉप २०१२ साली आला तो असा होता. दुसरी वस्तू मुळात टॅबच असते. पाठीमागे टेका आणि खाली लोहचुंबकाने चिकटणारा, वाटेल तेव्हा काढता येणारा कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टचा सरफेस हा त्यातला ओळखीचा नमुना, तोही २०१२ चाच. आता स्वस्त अँड्रॉइड टॅबलाही असे कीबोर्ड मिळतात आणि आपल्या घरांत येतो तो बहुतेक हाच प्रकार. पुढचे सगळे वाचताना हे दोन प्रकार लक्षात ठेवा, कारण शरीराच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे.

दहा बाय दहाच्या घरात

आपल्या घरांना हे यंत्र का आवडते, ते आधी प्रामाणिकपणे सांगू. टेबल-खुर्ची ठेवायला जागा नाही. एकाच खोलीत स्वयंपाक, आजीची खाट, धाकट्याचा गृहपाठ आणि बाबांची रात्रपाळीनंतरची झोप. अशा घरात अभ्यासाला ठरलेली जागा नसते. अभ्यास माळ्यावर सरकतो, दारात सरकतो, कधी विहाराच्या पायरीवर जातो. हे यंत्र त्याच्या मागे मागे जाते. लाइट गेली तरी टॅबवाले यंत्र बराच वेळ चालते, आणि बहुतेकांना मोबाइलचा टाइप-सी चार्जर चालून जातो.

बाबासाहेब शाळकरी असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे, रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग त्याच जागेवर आपण आडवे व्हायचे, असा सुभेदार रामजींचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. उजेड कशाचा, तर काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याचा. जागेची ती अडचण आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. दिवा मात्र बदलला आहे. तो आता डोळ्यांच्या अगदी समोर, वीतभर अंतरावर जळतो.

उपयोग खरेच पुष्कळ आहेत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांचे फोटो काढून ठरलेल्या आकारात चढवावे लागतात. मागे कॅमेरा आणि पुढे कीबोर्ड असलेल्या यंत्रावर ते घरी बसून होते, सायबर कॅफेच्या चकरा वाचतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफमध्ये मोफत मिळतात. एवढे जाड खंड घरात ठेवायला जागा कुठून आणणार? वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचताना आमच्या विहारातल्या दोन आजी आता टॅब मांडीवर घेतात. अक्षर दोन बोटांनी हवे तेवढे मोठे करता येते. छापील पुस्तकाचे अक्षर दिसत नाही म्हणून मागे बसणाऱ्या या आजी आता पुढे बसून वाचून दाखवतात. पेन असलेल्या टॅबवर गणित हाताने सोडवता येते, तोही फायदाच.

पण "कुठेही बसून वापरा" ही जी या यंत्राची जाहिरात, तीच शरीराच्या मुळावर येते. ज्या यंत्राला ठरलेली जागा लागत नाही, त्याच्यासाठी आपण शरीराला वाटेल तसे वाकवतो.

मान आणि हात

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही आधी एवढेच सांगतो, "घरी कसा बसतोस ते इथे करून दाखव." जमिनीवर मांडी, मांडीत टॅब, हनुवटी छातीला लागलेली. किंवा पालथे झोपून, दोन्ही कोपर फरशीवर टेकवून. किंवा भिंतीला पाठ लावून, गुडघे वर करून त्यावर यंत्र. टॅबचा मागचा टेका मांडीवर नीट उभा राहत नाही, म्हणून एका हाताने तो धरायचा आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचे.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो. ताठ बसलो तर कण्याला तेवढेच पेलायचे असते. मान पुढे वाकली की ओझे वाढत जाते. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये त्याचा हिशोब मांडला. मान ६० अंश वाकली तर मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो. तांदळाच्या २५ किलोच्या कट्ट्याहून जास्त. हा गणिती हिशोब आहे, प्रत्येकाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही. पण पोरगी तीन तास तशी बसली की मान का धरते, ते त्यावरून कळते.

दुखणे कुठून आले याचा अंदाज बोटांवरून लागतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दाबली जात असण्याचा संभव जास्त. दाराला कोपर आपटला की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. पालथे झोपून कोपरावर भार देणाऱ्यांना हा त्रास होतो. अंगठा आणि पहिली दोन बोटे रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस किंवा मान बघावी लागते. झोपायची पद्धत बदलली, कोपराखालची फरशी गेली, की कोपराचा त्रास बहुतेक मुलांचा हळूहळू उतरतो. मात्र हातातून पेला सुटू लागला, पकड ढिली झाली, शर्टाची बटणे लावता येईनात, चालताना पाय अडखळू लागले किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर मालिशवाल्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणारे लोक वस्तीत आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. सरळ मेडिकलच्या किंवा मेयोच्या ओपीडीत जा.

आता उपाय. लॅपटॉपचा मूळ दोषच असा की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात, हात खाली ठेवले तर मान खाली जाते. टॅबवाल्या टू-इन-वनमध्ये हे दोन भाग वेगळे होतात, आणि आमच्या मते या यंत्राचा शरीराला होणारा खरा फायदा हा एवढाच आहे. जमिनीवर बसायचे असेल तर समोर गव्हाची कोठी किंवा पत्र्याची पेटी ओढा, त्यावर दोन-चार जाड पुस्तके, त्यावर टॅब. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. कीबोर्ड चौरंगावर, कोपराच्या उंचीला. पाठीशी भिंत आणि कमरेच्या खळग्यात गुंडाळलेली चादर. खर्च शून्य.

पण इथे एक मेख आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. पुष्कळ टॅबचे कीबोर्ड खालच्या धातूच्या टिकल्यांतून चालतात. टॅबला चिकटलेला असेपर्यंतच कीबोर्ड जिवंत, काढला की मेला. म्हणजे दोन भाग वेगळे होतात, पण वेगळे वापरता येत नाहीत. ब्लूटूथवाला कीबोर्ड दूर ठेवूनही चालतो. म्हणून दुकानात काउंटरवरच कीबोर्ड काढा, हातभर दूर ठेवा आणि अक्षर उमटते का ते पाहा. उमटत नसेल तर तारेचा साधा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो, तो जोडायला छोटा ओटीजी घ्यावा लागेल, तेवढे धरून हिशोब करा. बिजागरीच्या प्रकारात स्क्रीन उलटवली की मूळ कीबोर्ड बंद होतो, त्यामुळे तिथेही नीट बसायचे तर वेगळा कीबोर्ड लागतोच.

डोळे

मोबाइलपेक्षा टॅब बरा, टॅबपेक्षा लॅपटॉप बरा, असा सरळ क्रम आहे, कारण स्क्रीन जेवढी लहान तेवढी आपण ती जवळ ओढतो. दहा इंचांच्या टॅबवर पीडीएफमधली बारीक अक्षरे वाचायला मूल नाक टेकवते. कोपरापासून मुठीपर्यंत जेवढी लांबी, त्याहून जवळ काही धरायचे नाही, आणि टेकवून ठेवलेली स्क्रीन हातभर लांब. अक्षर दिसत नसेल तर अक्षर मोठे करा, डोके पुढे नेऊ नका.

स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो. एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटणारी पापणी निम्म्याहून कमी वेळा मिटते, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यात कूलरची भर. मूल नेमके कूलरसमोर बसते आणि वारा थेट डोळ्यांवर. कूलरकडे पाठ किंवा कूस करून बसवा. डॉक्टर सांगतात तो नियम असा की दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद बघावे. दहा फुटांच्या खोलीत २० फूट कुठून येणार? मग दारात यायचे आणि विहारावरचा पंचशील ध्वज बघायचा. घोटभर पाणी प्यायचे आणि आत जायचे. उठणे झाले, मानही मोकळी झाली.

डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणणे बंद करा. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे लिहिलेले असेल तर ते तेच. लाली दोन दिवसांत जाते म्हणून घरात तीच बाटली वर्षभर चालते, आणि आतून डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. दाब वाढून गेलेली नजर परत येत नाही. आम्हाला या सगळ्या विषयात स्क्रीनपेक्षा त्या बाटलीची भीती जास्त वाटते.

चष्म्याच्या दुकानात 'ब्लू कट' काच म्हणून जादा पैसे घेतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा काचांमुळे स्क्रीनने येणारा डोळ्यांचा थकवा साध्या काचेपेक्षा कमी होतो असे आढळले नाही. ते पैसे वाचवा. नंबर असेल तर तेवढा चष्मा मात्र लावाच. मुलींना चष्मा लागला की "लग्नाला अडचण" म्हणून तो पिशवीत राहतो. आपल्या घरात हे अजून चालते, याचे आम्हाला वाईट वाटते.

मुलांना जवळचे दिसते पण फळ्यावरचे दिसत नाही, हा नंबर लागू नये यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय दिवसा उजेडात घराबाहेर राहणे हा आहे. रोज दोन तास. बाहेरच्या मोकळ्या उजेडाचाच तो परिणाम आहे, बल्ब कितीही मोठा लावला तरी तो उजेड होत नाही. आमच्या वस्तीत मुलगे संध्याकाळी मैदानावर असतात. मुली शाळेतून आल्या की घरात, घरातून टॅबवर. ज्या घरांनी मुलीला यंत्र दिले त्यांनी तिला मैदानही द्यावे. आणि पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांपर्यंत असे बसून बघणे नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. टॅब दिल्याशिवाय बाळ घास घेत नाही ही तक्रार रोजची आहे. चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी जेवेल.

एक वेगळी गोष्ट चाळिशीपुढच्या मंडळींसाठी. अंगणवाडीताई, आशाताई, कारकुनी करणारे बांधव रात्री नोंदी भरतात आणि डोळ्यांसमोर धूसर झाले की दोष स्क्रीनला देतात. साखरेचा आजार असेल तर धूसरपणा डोळ्याच्या पडद्यातूनही येत असतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत नजर अधू झाली होती. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुलीत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. ती तपासणी झाल्याशिवाय टॅबवर खापर फोडू नका.

पत्र्याखालची बॅटरी

आता जे सांगणार आहोत ते जिवाशी संबंधित आहे. अनेक कंपन्या आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असे माहितीपत्रकात लिहितात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी पत्र्याच्या घरात तर हात लावेल ते तापलेले असते. टॅबच्या जातीच्या टू-इन-वनची बॅटरी चपटी असते आणि ती स्क्रीनच्या मागेच असते. बहुतेकांत पंखाही नसतो, सगळी उष्णता पाठीच्या पत्र्यातून बाहेर पडते. तो पत्रा गादीत रुतला की उष्णता जाणार कुठे?

बॅटरी फुगली की खुणा दिसतात. स्क्रीनची एक कड उचलल्यासारखी वाटते, कीबोर्ड पूर्वीसारखा सपाट बंद होत नाही, सपाट फरशीवर ठेवले तर यंत्र डुगडुगते. यापैकी काहीही दिसले की चार्जिंग बंद, वापर बंद. दाबून बसवायचे नाही, टोचायचे नाही, घंटागाडीत टाकायचे नाही. दुरुस्तीवाल्याकडे न्या. पोरे म्हणतात, चालते आहे तोवर चालवू. नाही चालवायचे. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणे, रात्रभर बाळाच्या बाजूला ठेवणे, हेही नाही. दुपारी अकरा ते चार चार्जिंग टाळा, पहाटे फरशीवर किंवा ताटावर ठेवून करा. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय यंत्रात असेल तर ती चालू करा. धूर निघालाच तर आधी घरातली सगळी माणसे बाहेर, हाताशी असेल तर मेन स्विच बंद, आणि १०१ ला फोन. तो धूर छातीत जाऊ देऊ नका, यंत्र वाचवायला कोणीही आत जायचे नाही.

दुसरी तक्रार झिणझिण्यांची. चार्जिंगला लावलेल्या यंत्राच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवले की बारीक करंट लागल्यासारखे होते. चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह पाठीत उतरतो, आणि त्याला जायला अर्थिंग नसेल तर तो आपल्या बोटातून जाणवतो. साधारणपणे तो घातक नसतो. पण घरात अर्थिंगच नाही, हे तो आपल्याला सांगत असू शकतो, आणि त्याच घरात कूलरही त्याच वायरिंगवर चालतो. कूलरचा करंट लागून दगावलेली माणसे आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा आणि जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. घर भाड्याचे असेल तर मालकाला सांगा, तो टाळू लागला तर दोन-चार भाडेकरू मिळून सांगा.

पैसा

त्याच पैशात मिळणारा साधा लॅपटॉप बहुधा टू-इन-वनपेक्षा वेगवान असतो, त्याचा कीबोर्ड बोटांना बरा लागतो आणि तो उघडून दुरुस्त करता येतो. टॅबच्या जातीचे यंत्र डिंकाने चिकटवलेले असते. काच फुटली की काच आणि स्क्रीन एकत्र बदलावी लागते आणि सीताबर्डीवरचा दुरुस्तीवाला असा आकडा सांगतो की घरचे गप्पच होतात. एकच यंत्र पाच हातांत फिरणार, माळ्यावरून खाली दिले जाणार, तर ते पडणारच, असे धरून चाला.

मूल काय शिकणार आहे ते आधी बघा. अँड्रॉइड टॅबला कीबोर्ड लावला म्हणून तो कॉम्प्युटर होत नाही. कॉमर्सच्या मुलाला टॅली लागते, ती विंडोजवर चालते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेची तयारी करणाऱ्याला पूर्ण आकाराचा कीबोर्ड लागतो, चिकटणाऱ्या पातळ कीबोर्डवर बसलेली सवय परीक्षेच्या कीबोर्डवर चुका करवते. इंजिनिअरिंग, अकाउंट, टायपिंग यासाठी आमचे मत सरळ आहे. साधा लॅपटॉप घ्या, जुना चांगल्या स्थितीतला मिळाला तरी चालेल, आणि त्याला वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. अकरावी-बारावीचे वाचन, व्हिडिओ, अर्ज भरणे आणि घरात आजीचे वाचन एवढेच असेल तर कीबोर्डवाला टॅब पुरतो. महागडे विंडोजवाले टू-इन-वन त्या घरानेच घ्यावे जिथे एकाच यंत्रावर दोघे-तिघे वेगवेगळी कामे करणार आहेत. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यावर मात्र घेऊ नका. हप्त्यासाठी घरातले दूध बंद झालेले आम्ही पाहिले आहे, आणि ते दूध बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याचे असते.

यंत्र कोणाच्या हातात

एक यंत्र आणि चार माणसे असली की वाटणी होते, आणि ती वाटणी कोणी लिहून ठेवत नाही. संध्याकाळी भावाचा क्लास, मग बाबांच्या बातम्या, मग धाकट्याचे कार्टून. भांडी घासून, उद्याचे पाणी भरून मुलीच्या हाती यंत्र येते तेव्हा अकरा वाजलेले असतात. सगळे झोपलेले, म्हणून लाइट बंद. अंधारात फक्त स्क्रीन. रात्रीचा असा तेज उजेड मेंदूला अजून दिवसच आहे असे भासवतो आणि झोप लांबते. वाढत्या वयात आठ ते दहा तास झोप हवी. तिला पाच मिळतात. मग डोके दुखते, पाळी पुढे-मागे होते, वर्गात डुलकी लागते, आणि आम्हाला सांगितले जाते, "पोट्टी रातभर टॅबच पाह्यते." ती रात्रभर का बघते, हे कोणी विचारत नाही.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट विहारात आपण ऐकतो. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी तो थांबेना. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले, फार ताणलेली वाजत नाही आणि फार सैल सोडलेलीही नाही. आमच्या पोरींची तार त्या स्वतः ताणत नाहीत, घर ताणते. म्हणून भिंतीवर कॅलेंडरशेजारी कागद लावा आणि त्यावर यंत्राची वेळ नावानिशी लिहा. मुलीची वेळ संध्याकाळी सात ते नऊ. त्या वेळेची भांडी भावाने घासायची. ज्या घरांनी हे केले तिथे पहिला आठवडा भांडणात गेला, नंतर भाऊ शिकला. रात्री उशिरा बसणे अटळच असेल तर निदान खोलीतला एक छोटा दिवा चालू ठेवा, स्क्रीनचा उजेड कमी करा, आणि झोपण्याआधी शेवटचा तास वहीत लिहिण्याला द्या. परीक्षा अजूनही पुष्कळशा पेनानेच द्यायच्या आहेत.

डोळ्यांची तपासणी शाळेत आरबीएसकेच्या पथकाकडून मोफत होते, आणि नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्माही मोफत मिळतो. पथक आले नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर मेडिकल किंवा मेयोच्या नेत्र विभागात सकाळी लवकर चिठ्ठी काढा. जाण्याआधी घरी एक करा. मूल नेहमीसारखे वाचत असताना, त्याला न सांगता, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत एक दोरा धरा आणि तेवढाच तोडा. तपासणारे विचारतील, किती जवळून बघते? तेव्हा अंदाज सांगू नका, दोराच त्यांच्या हातात द्या.